गुजरातच्या मातीतली स्मिता पाटील

स्मिता पाटीलचे नाव निघाले की मराठी माणूस 'जैत रे जैत' किंवा 'उंबरठा'पासून बोलू लागतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण आम्हां सुरतकर मराठी माणसांना तिच्याकडे पाहण्याची आणखी एक खिडकी आहे, आणि आश्चर्य असे की ती आम्ही फारशी उघडलेली नाही. तिच्या अभिनयाची तीन मोठी कामे गुजरातच्या मातीत उभी आहेत: 'मंथन' (१९७६), 'भवनी भवाई' (१९८०) आणि 'मिर्च मसाला' (१९८७). पहिला चित्रपट तिच्या कारकिर्दीच्या उंबरठ्यावरचा, दुसरा ऐन भरातला आणि तिसरा तिच्या मृत्यूनंतर पडद्यावर आलेला. या तिन्हींमध्ये ती गुजराती खेड्यातली स्त्री आहे, आणि तिन्हींत ती परकी वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहूनही 'तुमचे मूळ गाव कोणते?' हा प्रश्न ज्यांना अजून चुकलेला नाही, त्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

तिचे स्वतःचे मूळ गाव तर आमच्या नदीच्याच काठचे म्हणायला हवे. जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला खरा. पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे शिरपूरचे, म्हणजे धुळे जिल्ह्यातले, खानदेशातले. शिरपूर तालुक्याच्या दक्षिण अंगाने वाहणारी तापी पुढे आमच्या सुरतेवरून समुद्राला मिळते. तापी व्हॅलीच्या ज्या रेल्वेमार्गाने नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी स्टेशने मागे टाकीत खानदेशची कुटुंबे उधना-लिंबायतच्या मागांवर कामाला आली, तो मार्ग तिच्या मुलुखातूनच येतो. आम्ही 'जुनी' घराणी या नव्यांपेक्षा स्वतःला जरा निराळी समजत आलो, हेही येथे नमूद करून ठेवलेले बरे. कारण पुढच्या विवेचनाशी त्याचा संबंध आहे.

सुरतेला स्वतःची अभिनेत्री नव्हती असे मात्र नाही. भारताच्या पहिल्या बोलपटाची, 'आलम आरा'ची (१९३१) नायिका झुबेदा १९११ साली सुरतेतच जन्मली. तिची आई फातमा बेगम हिचे नाव सचीनच्या नवाब घराण्याशी जोडले जाते. तिने १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला आणि ती भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक ठरली. सचीनचे नवाब म्हणजे मूळ जंजिऱ्याचे सिद्दी; पेशव्यांशी झालेल्या करारातून १७९१ साली ते सुरतेशेजारी आले. मराठ्यांच्या इतिहासाचे धागे असे कोठून कोठे जातात पाहा! पण झुबेदाचा चित्रपट हा दिव्यांच्या झगमगाटातला, राजपुत्र आणि पऱ्यांचा होता. स्मिता ज्या चित्रपटाची नायिका झाली, तो त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा.

त्याला आपल्याकडे 'समांतर' म्हणतात. अमेरिकेत स्टुडिओच्या व्यवस्थेबाहेर, तुटपुंज्या पैशात काढलेल्या आणि तळघरांतून, क्लबांतून दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांना 'भूमिगत' असे नाव पडले होते. आपला समांतर चित्रपटही तसा बाजाराच्या नजरेआडच वाढला: फिल्म सोसायट्यांचे खेळ, एखाद्या थिएटरातला सकाळचा खेळ, महोत्सव, आणि पुढे दूरदर्शनवर रविवारी दुपारी लागणारे प्रादेशिक भाषांतले चित्रपट. गंमत अशी की तिकडचा भूमिगत चित्रपट सरकारविरुद्ध दंड थोपटून उभा राहिला, तर आपला बराचसा सरकारी कर्जावर उभा राहिला. १९६० साली स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने १९६९ च्या सुमारास 'भुवन शोम', 'उसकी रोटी' अशा चित्रपटांना पैसा दिला आणि हा प्रवाह वाहता झाला. बंडखोराने सरकारी कचेरीत अर्ज भरून बंड करावे, हे खास भारतीयच. आणि गुजरातने तर याच्याही पुढचे पाऊल टाकले.

ते पाऊल 'मंथन'चे. पण त्याआधी स्मिता तेथवर कशी पोहोचली, ते थोडक्यात पाहू. घर राजकारणाचे आणि समाजकार्याचे. वडील स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी वळणाचे, पुढे महाराष्ट्रात मंत्री झालेले. आई विद्याताई समाजकार्यात. मुलगी राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात वाढली. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि थोड्याच काळात ती तेथे मराठी बातम्या देऊ लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसत असे, हा किस्सा सर्वांच्या ऐकण्यातला आहे. अरुण खोपकर यांच्या 'तीव्र मध्यम' या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या लघुपटात ती पहिल्यांदा दिसली. दूरदर्शनच्या पडद्यावरचा तिचा चेहरा श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरला, आणि 'चरणदास चोर', 'निशांत' (दोन्ही १९७५) यांच्यामागून 'मंथन' आला.

'मंथन'च्या आरंभीच पडद्यावर अक्षरे उमटतात की हा चित्रपट गुजरातचे पाच लाख शेतकरी सादर करीत आहेत. ही अलंकारिक भाषा नव्हे. आणंदच्या दूध चळवळीचे सूत्रधार डॉ. वर्गीस कुरियन यांनी सुचवले आणि सहकारी संघांच्या पाच लाख सभासदांनी दुधाच्या पैशांतून प्रत्येकी दोन रुपये दिले. त्या दहा लाखांत चित्रपट झाला. तो लागला तेव्हा निर्माते असलेले हे शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला गेले. जगाच्या चित्रपट-इतिहासात ही घटना दुर्मीळ आहे. १९४६ साली खेड्यातल्या गवळ्यांनी एकत्र येऊन दूध संघ काढला, आणि तीस वर्षांनी त्याच पद्धतीने चित्रपट काढला.

आता या चित्रपटाच्या कर्त्यांची नावे वाचा. कुरियन मूळचे केरळचे. १९४९ साली आणंदला आले आणि पुढे जन्मभर तेथेच राहिले. बेनेगल हैदराबादेत वाढलेले. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, संवाद कैफी आझमींचे, नायक गिरीश कार्नाड. राजकोटजवळच्या सांगणवा या खेड्यात ही सारी मंडळी सुमारे दीड महिना राहून गुजरातची गोष्ट सांगत होती. तेंडुलकरांच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे आम्ही मराठी माणसे अभिमानाने सांगतो.

पण चित्रपटाची गोष्टच मुळी बाहेरून आलेल्या माणसाची आहे. डॉ. राव नावाचा तरुण पशुवैद्य खेड्यात उतरतो. गाडी नेमकी वेळेवर आल्याने स्वागताला येणारे धावतपळत उशिरा पोहोचतात. हा पहिलाच प्रसंग सारे काही सांगून जातो. त्याचा हेतू चांगला, त्याचे ज्ञान खरे, दुधातली चरबी मोजून योग्य भाव द्यावा हा त्याचा आग्रह रास्त. तरीही गावाला तो कळत नाही आणि गाव त्याला पुरते कळत नाही. दूध विकत घेणारा मिश्रा आणि गावचा सरपंच त्याच्या वाटेत काटे पसरतात. शेवटी त्याची बदली होते आणि तो आला तसा निघून जातो. आम्ही स्थलांतरितांच्या घरांत वाढलेले. त्यामुळे हा चित्रपट पाहताना आमचे मन आपसूक डॉ. रावांच्या बाजूला जाते. आणि नेमकी आपली मुलगी समोरच्या बाजूला उभी असते! बिंदू ही म्हशी पाळणारी, फटकळ, नव्या माणसाला आधी फटकारणारी आणि मग त्याच्याकडे ओढली जाणारी बाई. घागरा, ओढणी, खांद्याची ती बेफिकीर हालचाल, उकिडवे बसून काम करताना मान वर न करता दिलेले उत्तर. सांगतात की चित्रीकरण पाहायला आलेल्या मंडळींनी 'हिरॉइन कुठे आहे?' असे विचारले, तेव्हा ती गावच्या बायकांच्या घोळक्यातच बसलेली होती आणि दाखवूनही त्यांना पटेना.

याला नुसती वेशभूषेची किमया म्हणता येत नाही. चित्रपटाची हिंदी गुजराती वळणाची आहे, पण उच्चार उचलणे ही नटाची सोपी कामगिरी. स्मिताने उचलले ते संशय घेण्याचे वळण. खेड्यातली बाई अनोळखी माणसाकडे सरळ पाहत नाही, आणि पाहते तेव्हा पुरते पाहते. नवरा परत येतो, रावांवर खोटा आळ घेणाऱ्या कागदावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटतो, आणि त्यानंतर बिंदूच्या चेहऱ्यावर जे राहते त्याला अपराध म्हणावे की असहायता, हे ठरवता येत नाही. तेव्हा ती जेमतेम विशीची होती. २०२४ च्या मे महिन्यात 'मंथन'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कानच्या महोत्सवात दाखवली गेली आणि जूनमध्ये देशातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागली. नव्या पिढीने बिंदूला तेथे पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिले.

मधल्या वर्षांवरून आम्ही भरभर जाणार आहोत, कारण त्यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेल्या 'भूमिका'साठी (१९७७) तिला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, झोपडपट्टीतल्या जीवनावरच्या 'चक्र'साठी दुसरा. मृणाल सेन यांच्या 'आकालेर संधाने'त ती बंगालीत गेली. ठाकर स्त्री, तमाशाच्या परंपरेतून आलेली नटी, झोपडपट्टीतली आई, स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक: या भूमिकांची जात पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. ज्या बायकांना आमच्यासारख्यांच्या दिवाणखान्यात कधी बसायला सांगितले गेले नाही, त्याच तिने बहुतेक वेळा केल्या. 'चक्र'मधल्या उघड्यावर स्नान करण्याच्या प्रसंगाचेच चित्र जाहिरातीसाठी भिंतीभिंतींवर लागले, तेव्हा तिने त्याबद्दलची चीड बोलून दाखवली होती. कॅमेऱ्याने दाखवलेली लाचारी आणि भित्तिपत्रकाने विकलेली लाचारी यांतला फरक तिला कळत होता. 'शक्ती', 'नमकहलाल' अशा धंदेवाईक चित्रपटांतही तिने कामे केली. त्यांचे समर्थन करण्याची आम्हांला गरज वाटत नाही, आणि त्यांचा आनंदही फारसा वाटत नाही.

'भवनी भवाई'चे दिग्दर्शक केतन मेहता हे आमच्या शेजारच्या नवसारीचे, म्हणजे जुन्या गायकवाडी मुलुखातले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या गुजराती तरुणाने आपल्या पहिल्याच चित्रपटात पुण्याची मुलगी घेतली, मोहन गोखलेंसारखा मराठी नट घेतला, आणि गुजरातच्या अगदी घरच्या लोकनाट्यात त्यांना उभे केले. चित्रपट काढणारी 'संचार' ही संस्थाही सहकारी. गुजरातला सहकाराचे वेड असे की चित्रपटही त्याला अपवाद राहिला नाही.

भवाई म्हणजे काय हे आमच्या वाचकांना सांगायला नकोच. पण आपल्या तमाशाशी आणि दशावताराशी तिचे नाते किती जवळचे आहे, याचा विचार आम्ही क्वचितच करतो. तिचा प्रवर्तक असाईत ठाकर हा चौदाव्या शतकातला ब्राह्मण. परंपरा सांगते की पाटीदाराची मुलगी गंगा हिला सरदाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी त्याने तिला आपली मुलगी म्हटले आणि ते सिद्ध करण्यासाठी तिच्या पंक्तीला बसून जेवला. मुलगी सुटली, पण ठाकर जातीबाहेर पडला. मग तो भवाईचे वेश लिहू आणि नाचू लागला. जातीच्या पंक्तीतून उठवलेल्या माणसाने निर्माण केलेली ही कला. तिच्यात बायकांची कामे पुरुषच करीत, जशी आपल्याकडे संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांनी केली. मेहतांनी हा चित्रपट असाईत ठाकर, ब्रेख्त आणि 'ॲस्टेरिक्स'चा लेखक गोसिनी अशा तिघांना अर्पण केला आहे. हा मेळ ऐकायला विचित्र, पाहायला मात्र नेमका.

गोष्ट साधी. निपुत्रिक राजा, कारस्थानी दरबार, पेटीत घालून नदीत सोडलेला राजपुत्र, त्याला वाढवणारा अस्पृश्य मालो. राजा वाव खणतो, पाणी लागत नाही, आणि बत्तीसलक्षणी पुरुषाचा बळी हवा असे ज्योतिषी सांगतो. तो पुरुष म्हणजे मालोने वाढवलेला जीवो. गुजरातेत वीर मेघमायाची जी आख्यायिका पाटणच्या तलावाशी जोडून सांगितली जाते, तिच्याच वळणाची ही कथा. बळी जाणारा अट घालतो: माझ्या माणसांच्या गळ्यातले मडके आणि पाठीची केरसुणी उतरवा. मडके आणि केरसुणी म्हटल्यावर मराठी वाचकाला पाटण आठवत नाही, पेशवाईतले पुणे आठवते. आपण जे आपल्या इतिहासातले शल्य समजतो, ते गुजरातच्या लोककथेतही जसेच्या तसे रुतलेले आहे.

स्मिताने यात उजाण ही भटक्या जमातीतली मुलगी केली आहे. काम लांबीने मोठे नाही. पण राजा, मंत्री, ज्योतिषी ही सारी भवाईच्या थाटात अतिशयोक्तीने नाचणारी पात्रे असताना उजाण मात्र जमिनीवर पाय रोवून असते. गावाची नसल्याने गावाच्या नियमांची भीड तिला नाही, आणि जीवोला मरण्याऐवजी सौदा करायला शिकवणारी अक्कल तिच्याकडेच आहे. भटक्या माणसाला जे दिसते ते गावात रुजलेल्यांना दिसत नाही. या चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'अंधेर नगरी' या नावाने त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. आमच्या मते गुजराती मूळच पाहावे.

आणि शेवटी 'मिर्च मसाला'. पुन्हा केतन मेहता. मूळ कथा गुजराती लेखक चुनीलाल मडिया यांची. काळ ब्रिटिश अमदानीचा, मुलूख सौराष्ट्राच्या धर्तीचा. महसूल गोळा करायला सुभेदार (नसीरुद्दीन शहा) घोडेस्वार घेऊन गावाबाहेर तळ देतो; त्याला सोनबाई हवी असते. ती त्याच्या तोंडात भडकावते आणि मिरच्या कुटण्याच्या कारखान्यात आश्रय घेते. नवरा रेल्वेच्या नोकरीसाठी गाव सोडून गेलेला. मुखी म्हणतो, एका बाईपायी गाव कशाला जाळायचे, तिला देऊन टाका. कारखान्यातल्या बायकाही आधी तिलाच दोष देतात.

येथे आम्ही गुजरातेतल्या मराठ्यांनी क्षणभर थांबायला हवे. चित्रपटातला सुभेदार मराठा नाही, तसे कोणी म्हटलेलेही नाही. पण सौराष्ट्राच्या स्मृतीत गावाबाहेर तळ देऊन खंडणी मागणारे घोडेस्वार म्हटले की मुलुखगिरीचे दिवस जागे होतात. पेशव्यांच्या आणि गायकवाडांच्या फौजा काठेवाडात उतरत आणि तलवारीच्या जोरावर वसुली करीत. कर्नल वॉकरने १८०७ साली संस्थानिकांची खंडणी ठरवून दिली, तेव्हा हे सत्र थांबले. आमच्यापैकी अनेकांचे पूर्वज गुजरातेत आले ते याच फौजांबरोबर, त्यांचे कारकून, बारगीर, पुरोहित म्हणून. सुरतेत तर १६६४ आणि १६७० या सालांचा उल्लेख निघाला की शेजारी अजूनही एक शब्द वापरतात आणि आम्ही दुसरा. तेव्हा 'मिर्च मसाला'तला तो तळ पाहताना आम्हांला स्वतःला कोठे बसवायचे, हा प्रश्न सुटत नाही. इतिहासाने आम्हांला घोड्यांच्या बाजूला ठेवले आहे, आणि खानदेशातून आलेल्या घरातली स्मिता कारखान्याच्या आत, मिरच्यांच्या लाल ढिगाऱ्यात, दाराला पाठ लावून उभी आहे.

त्या दाराचा रक्षक आहे म्हातारा चौकीदार अबू मियाँ (ओम पुरी). मडियांच्या कथेचे नावच 'अभु मकराणी' आहे. मकराणी म्हणजे मकरानच्या किनाऱ्यावरून काठेवाडच्या संस्थानांत शिपाईगिरीला आलेले लोक. म्हणजे तेही आमच्यासारखेच, पोटासाठी शस्त्र घेऊन आलेले परके. साऱ्या गावात दार न उघडण्याची हिंमत असलेला पुरुष तो एकटाच निघतो, आणि तो गावचा नाही. मुखीची बायको (दीप्ती नवल) मुलीला शाळेत घालू पाहते आणि मार खाते, तो भागही पाहण्यासारखा आहे. पण आम्हांला चित्रपटाचा कणा अबू मियाँ आणि सोनबाई यांच्यातल्या त्या जवळजवळ अबोल नात्यात दिसतो. तिने त्याच्याकडे दया मागितलेली नाही. तोही उपकाराचा आव आणत नाही.

सोनबाईच्या वाट्याला संवाद फार नाहीत. 'मंथन'मधली बिंदू शब्दाला शब्द देणारी होती. दहा वर्षांनी स्मिताने शब्द जवळजवळ टाकून दिले होते. सुभेदाराला पहिल्यांदा पाणवठ्यावर भेटते तेव्हा ती घाबरत नाही. जनावरासारखे तोंड लावण्याऐवजी माणसासारखे ओंजळीने पाणी पी असे त्याला सुनावते आणि वर पाहते. नंतर कारखान्यात हीच मान हळूहळू ताठ होत जाते. भीती आणि हट्ट एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी ठेवणे तिला साधले आहे, आणि ते आम्हांला दुसऱ्या कोणात इतके दिसलेले नाही.

१९८५ साली तिला पद्मश्री मिळाली. १३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतर काही दिवसांतच, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती मुंबईत वारली. तिच्या खाजगी आयुष्याची त्या काळी जी चर्चा झाली, तिला येथे जागा देण्याचे कारण नाही. 'मिर्च मसाला' १९८७ साली लागला. दार फुटते, अबू मियाँ पडतो, आणि ज्या बायकांनी सोनबाईला दोष दिला होता त्याच मिरचीपुडीची फडकी धरून सुभेदारावर धावतात. आरडाओरडा, लाल धुरळा, गुडघ्यांवर कोसळलेला सुभेदार. आणि शेवटच्या चौकटीत हातात विळा घेतलेली सोनबाई, वार न करता, नुसती पाहत उभी.